कोरा अर्ज

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. कचेरीच्या आवाराबाहेर लिंबाचं एक जुनं झाड होतं, आणि त्याच्या सावलीत पुंजाजी खिल्लारे टाइपरायटर मांडून बसायचा. कोणाला वारसाची नोंद लावायची असायची, कोणाला बदलीचा अर्ज द्यायचा असायचा, कोणाला बांधाची तक्रार करायची असायची. लोक समोर उकिडवे बसून आपली कहाणी सांगायचे आणि पुंजाजी त्यातलं कामाचं तेवढं उचलून कागदावर उतरवायचा. त्याच्या बापानं, कोंडीबानं, उभ्या जन्मात कागदावर अंगठ्याशिवाय काही उमटवलं नव्हतं. पुंजाजी मात्र औरंगाबादला राहून शिकला आणि मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाला. कचेरीतले कारकून म्हणायचे, खिल्लाऱ्यांचा अर्ज आला की खोडाखोड शोधून सापडत नाही. हे बोलणं तो मनात जपून ठेवायचा.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचे डोळे जायला लागले. आधी कडेचं दिसेना. नळकांड्यातून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, मग ते नळकांडंही बारीक होत गेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा लागला तेव्हा पुंजाजीला ऊन आणि सावली एवढंच कळत होतं. ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, चतुराबाईला ठाऊक होती. ती अडतीवर हळद निवडायला जायची. जाता जाता त्याला झाडापर्यंत सोडायची, शेजारच्या टपरीत ठेवलेली मशीन आणून स्टुलावर मांडायची आणि हळूच म्हणायची, "सगळं बराबर हाय. बसा."

काम अडत नव्हतं. टायपिंग शिकताना कळांकडे बघायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. बोटांना मधली ओळ सापडली की बाकीची अक्षरं आपोआप हाताखाली यायची. खरी अडचण अक्षरांची नव्हती, जागेची होती. आपण कागदावर कुठं आहोत, हे डोळ्यांशिवाय कसं कळावं? पुंजाजीनं त्याची तोड काढली. कागद घातला की रोलरचे टिकटिक आवाज मोजायचे. सहा टिकटिकींवर "प्रति", त्याखाली दोन सोडून कचेरीचं नाव. तारखेसाठी टॅब दोनदा दाबला की कागद धरणारी गाडी थेट उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबायची. ओळ संपायला सात अक्षरं उरली की घंटी वाजायची. तेवढ्यात शब्द मावला तर ठीक, नाहीतर पुढच्या ओळीत घ्यायचा. मागं एखादं अक्षर चुकलं तर बॅकस्पेस मोजून तिथं परत जायचं, आणि मोजताना गाडी पुढं सरकवणारी अक्षरं तेवढीच धरायची. मात्रा-उकार त्यात नाहीत. पाच ओळी वरचं काही दुरुस्त करायचं असलं तर रोलर दहा टिकटिकी मागं. सगळा कागद त्याच्या डोक्यात असा मोजून मांडलेला असायचा, शेतातल्या सऱ्यांसारखा.

कोणी जुना कागद आणला की तो म्हणायचा, "तुमी वाचा, माझे हात मोकळे राहतात." ज्याला वाचता येत नव्हतं त्याला म्हणायचा, "तोंडानं सांगा, कागदापेक्षा माणसाला जास्त ठाऊक असतं." लोकांना ते पटायचं.

मेच्या एका मंगळवारी जवळच्या गोरेगावच्या एका शाळामास्तरांचं स्टेन्सिलचं, म्हणजे प्रती काढायच्या मेणकागदाचं, काम आलं. स्टेन्सिल कापायचं तर मशीनची शाईची फीत मध्ये येऊ द्यायची नसते. फितीची बारीक दांडी पांढऱ्या खुणेवर सरकवली की अक्षरांचे खिळे फितीला न लागता सरळ कागदावर आदळतात. पुंजाजीनं ब्रशनं खिळे स्वच्छ केले, दांडी सरकवली आणि तीन स्टेन्सिलं कापून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच नर्मदाबाई आली. पन्नाशीची, अंगानं वाळलेली, बोलताना दम लागत असलेली. सिद्धेश्वरच्या धरणात तिचं गाव गेलं होतं. नव्या गावठाणात लोकांना घरासाठी प्लॉट पाडून दिले होते, पण मधल्या काळात तिचा नवरा वारला. यादीतून नवऱ्याचं नाव खोडलं गेलं आणि तिचं लागलंच नाही. बेचाळीस नंबरचा प्लॉट दुसऱ्याच कोणाच्या नावावर दाखवला होता.

"हरकत द्यायचा आज शेवटचा दिवस हाय म्हनं," ती म्हणाली. "काल सांगितलं मला. रातभर डोळा न्हाई लागला, साहेब."

"बसा बाई. मालकाचं नाव सांगा."

"संतराम."

तिनं सांगितलं तसं पुंजाजीनं लिहिलं. नवऱ्याच्या मरणाची तारीख तिला येत नव्हती, पण पोळ्यानंतरचा चौथा दिवस हे पक्कं होतं. त्यावरून त्यानं तारीख काढली. दोन कागद, मध्ये कार्बन. वरचा कचेरीसाठी, खालची स्थळप्रत त्याच्याकडं. गेली अकरा वर्षं तो प्रत्येक अर्जाची स्थळप्रत ठेवत आला होता. शेवटची टिकटिक मोजून त्यानं कागद बाहेर काढले. कार्बन वेगळा केला, खालची प्रत गठ्ठ्यावर ठेवली आणि वरच्या कागदाची सवयीनं उभी-आडवी घडी घातली. तळाची पट्टी तेवढी बाहेर ठेवून नर्मदाबाईचा अंगठा घेतला.

नर्मदाबाई मशीनच्या पलीकडं बसली होती. कागदाचा चेहरा तिनं पाहिलाच नाही. घडी पदरात धरून ती कचेरीत गेली. आत शेवटच्या दिवसाची झुंबड. आवकचे कारकून गोपीचंद यांनी तिला नाव विचारलं, रजिस्टरात लिहिलं, घडीच्या पाठीवर शिक्का मारला आणि कागद ढिगावर टाकला.

तिच्यामागून पुंजाजीकडं एक ग्रामसेवक आला. तो वाकून मशीनमध्ये बघत उभा राहिला आणि दोन ओळींनंतर म्हणाला, "आवो खिल्लारे, कागद तर कोराच येऊन राहिला."

पुंजाजीचं बोट दांडीकडं गेलं. ती पांढऱ्या खुणेवर होती.

"काल स्टेन्सिल कापलं, राहूनच गेलं बघा," असं म्हणून तो हसला आणि दांडी जागेवर आणली. त्याच क्षणी त्याला नर्मदाबाई आठवली. ती अजून आतच असेल, पन्नास पावलांवर. ग्रामसेवकाला पळवलं असतं तरी ती सापडली असती. पण काय सांगायचं? की अर्ज कोरा गेला? आणि मग लोक विचारणार, अख्खा कोरा अर्ज तुमच्या हातून गेला तरी तुम्हाला दिसलं कसं नाही?

त्यानं स्वतःची समजूत घातली. दांडीला नंतर धक्का लागला असेल. बाई गेल्यावर मशीन पुसली तेव्हा लागला असेल. असं म्हणत म्हणत त्यानं ग्रामसेवकाचा अर्ज पुरा केला. त्या दिवशी घरी त्यानं हात धुतले आणि ताट तसंच ठेवलं. चतुराबाईनं विचारलं तर ऊन लागलं म्हणाला.

तीन आठवडे असेच गेले. प्रत्येक अर्जाआधी तो आता दांडी तीनदा चाचपायचा. बाईच्या आवाजानं कोणी "साहेब" म्हटलं की हातातलं काम थांबवून तो आधी आवाज ओळखायचा.

जूनमध्ये हरकतींची सुनावणी लागली. दुपारी बाराच्या सुमाराला ती आली. पायांचा आवाज ऐकूनच त्याला कळलं.

"साहेब," नर्मदाबाईचा आवाज चिरकला होता. "मी तुमचं काय वाकडं केलं व्हतं? काहून असं केलं? माझं नाव पुकारलं, मी म्होरं गेले. कागद उघडला तर पांढराफेक! लोक हसले. कोनी म्हनलं, बाईनं नुसता अंगठा उठवून आनला. साहेबांनी विचारलं, तुझं म्हननं काय हाय? मला बोलताच आलं न्हाई. बेचाळीस नंबर गेला. सही झाली त्याच्यावर."

पुंजाजीनं कळांवरचे हात मांडीवर घेतले.

तिनंच मग आवाज खाली आणला. "का आतल्यांनीच बदलला कागद? तुमी तर माझ्यासमोर लिव्हला. खटखट ऐकली मी. त्या कारकुनानंच केलं असल. सांगा, तुमी साक्ष देसाल?"

ती वाट किती सोपी होती, हे पुंजाजीला पुढं कित्येक वर्षं आठवत राहिलं. नुसती मान हलवायची होती. गरीब बाईच्या आणि नावाजलेल्या टाइपवाल्याच्या शब्दापुढं कारकुनाचं कोणी ऐकलं नसतं. गोपीचंद निलंबितसुद्धा झाले असते.

"बाई," तो म्हणाला, "कागद कोनी बदलला न्हाई. मीच कोरा दिला. मशीनची फीत बंद होती आन मला ते दिसलं न्हाई. मला काहीच दिसत न्हाई. तुमीबी दिसत न्हाई."

 तिनं त्याच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला असावा, कारण गालाला वारा लागला.

"कळलं कवा तुमाला?"

"त्याच दिवशी. तुमी गेल्यावर घटकाभरानं."

"मंग?"

 नर्मदाबाई जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.  मग पुंजाजीनं स्टुलाखालचा स्थळप्रतींचा गठ्ठा उचलला. "फीत बंद असली तरी कार्बनवर उमटतं," तो म्हणाला. "तुमचा अर्ज यात हाय. पर मला काढता यायचा न्हाई. आत चला माझ्यासंगं. जरा हाताला धरा."

तिनं हात धरला, पण ओढल्यासारखा.

गोपीचंदांच्या टेबलासमोर पुंजाजी उभा राहिला. खोलीत चारसहा माणसं होती. त्यांच्यासमोरच त्यानं सांगितलं, "गोपीचंदजी, माझी नजर गेली. दीड वर्षं लपवून ठेवलं. या बाईंचा अर्ज माझ्यामुळं कोरा आला. स्थळप्रत या गठ्ठ्यात हाय, तेवढी शोधून द्या."

गोपीचंद आधी हसलेच, त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी खुर्ची मागं सरकवली. गठ्ठा सोडून ते एकेक कागद वाचून बाजूला ठेवू लागले. वाचता वाचता मध्येच थांबले.

"खिल्लारे, हे बघा… न्हाई, ऐका. यात ओळीवर ओळ आली हाय. यातबी. दोन-तीन महिन्यांपासून तुमचे अर्ज असेच येऊन राहिले. मला वाटलं मशीन जुनी झाली. मी आपला समजून वाचायचो आन साहेबांसमोर जायच्या आधी बाजूला पेनानं लिहून द्यायचो."

"तुमी बोलला न्हाई कदी."

"तुमाला वाईट वाटलं असतं."

 आपला हिशेब एकदाही चुकला नाही, अशी पुंजाजीची खात्री होती. घंटी ऐकून, टिकटिकी मोजून आपण कागद जिंकला असं त्याला वाटत होतं. तोच कागद आत कोणीतरी गुपचूप सावरून घेत होता. आणि याच माणसावर मान हलवून आळ घालायची वेळ घटकाभरापूर्वी येऊन गेली होती. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

नर्मदाबाईची प्रत सापडली. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

साहेब सुनावणी संपवून उठतच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फाइलीतला कोरा कागद खिडकीशी नेऊन तिरपा धरला. उन्हात खिळ्यांचे ठसे दिसत होते. एका हातात प्रत, दुसऱ्यात कोरा कागद, असं करत त्यांनी पाच-सहा ओळी जुळवून पाहिल्या.

"अर्ज मुदतीत आला होता हे खरं," ते म्हणाले. "पण बेचाळीसचा हुकूम झालाय, ताबाही देऊन झालाय. तो मला फिरवता येणार नाही. दुसरा प्लॉट देता येईल का ते पाहतो. तुम्ही घडलं ते लेखी द्या, खिल्लारे. सगळं."

लिंबाखाली जाऊन पुंजाजीनं मशीनला कागद लावला. या वेळी गोपीचंद शेजारी उभे होते. दांडी काळ्या खुणेवर आहे, हे त्यांनी सांगितलं. "मी, पुंजाजी कोंडीबा खिल्लारे, राहणार हिंगोली, लिहून देतो की," इथपर्यंत बोटं झरझर चालली. पुढं ती थांबली. "मला दिसत नाही" हे तीन शब्द त्यानं आजवर कधी टाइप केले नव्हते. त्यानं ते केले. त्याखाली लिहिलं, की चूक मला त्याच दिवशी कळली होती आणि मी ती सांगितली नाही. गोपीचंदांनी हळू आवाजात विचारलं, "हे शेवटचं लिहायची गरज हाय का?"

"हाय," पुंजाजी म्हणाला.

संध्याकाळी चतुराबाई न्यायला आली तोवर सगळ्या आवाराला बातमी कळली होती. टपरीवाल्यानं रोजच्यासारखी मशीन ठेवून घेतली. वाटेत चतुराबाईनं एवढंच विचारलं, "बाईला घर भेटंल का?"

"ठाऊक न्हाई."

"मंग ते आदी बघा. आपलं मागून बघू."

दुसऱ्या दिवसापासून लोक येईनासे झाले. कोणी टोचून बोललं नाही. नुसते वळून दुसऱ्या टाइपवाल्याकडं जायचे. आठ-दहा दिवस पुंजाजी रिकामा बसला आणि मग घरी बसू लागला. चतुराबाईनं अडतीवरचे दिवस वाढवले. हळदीनं पिवळे झालेले तिचे हात घासूनही पांढरे होत नव्हते, असं शेजारणी म्हणायच्या.

ऐन पावसाळ्यात तिनंच विषय काढला. "मला अक्षरं शिकवा. कागदावर काय उमटलं ते मी सांगन."

"या वयात?"

"तुमाला या वयात आंधळं व्हता आलं, मला शिकता न्हाई येनार?"

मशीन घरी आणली. पाटी नाही, पेन्सिल नाही. पुंजाजीला पाटीवरचं दिसलं नसतंच. त्यानं तिची बोटं धरून कळांवर ठेवली. या बोटाखाली क, याच्या शेजारी पहिली वेलांटी, आणि ती अक्षराच्या आधी मारायची. अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा. दोन्ही जुळले की पुरं अक्षर. चतुराबाई एक कळ दाबायची, उमटलेलं बघायची, बोटानं हवेत गिरवून पुन्हा बघायची. आठवड्यात ती सहा अक्षरं शिकली आणि त्यातली दोन विसरली. एकदा रागानं उठून चुलीपाशी जाऊन बसली. पुंजाजीनं समजूत काढली नाही. तिची ती परत आली. दिवाळीपर्यंत तिला ओळ वाचता यायला लागली, एकेक अक्षर ओढत, विहिरीतून कळशी ओढावी तशी.

डिसेंबरात दोघं पुन्हा झाडाखाली बसू लागले. चतुराबाई अर्धा दिवस अडतीवर आणि अर्धा दिवस इथं. गोपीचंदांनी पहिले दोन अर्जदार पाठवले. पुंजाजी प्रत्येकाला आधीच सांगायचा, "मला दिसत न्हाई. लिहून झालं की ही वाचून दाखवते. पटलं तरच अंगठा द्या." काही जण ऐकून निघून जायचे. काही बसायचे. पूर्वी दिवसाला दहा अर्ज व्हायचे, आता तीन झाले तरी पुष्कळ वाटायचं.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात नर्मदाबाई आली. ती उभीच राहिली. पुंजाजीनं आवाज ओळखला आणि हात जोडले.

"एकसष्ट नंबर भेटला," ती म्हणाली. "पार शेवटाला, नाल्याच्या कडंला. कूड घातला, वर पत्रं टाकले. राहून राहिले."

"पानी?"

"लई लांब. गावात हापसा हाय, पर आमच्या कडंला न्हाई. आमी सहा घरं हावोत तिकडं. भरल्या हंड्यानं गुडघे गेले माझे. बेचाळीस हापशाजवळच व्हता."

पुंजाजीनं मान खाली घातली. माफी मागायला तोंड उघडलं, पण सात महिन्यांत जुळवलेले शब्द त्या हंड्यापुढं फार हलके वाटले. 

नर्मदाबाई चतुराबाईकडं वळली. "बाई, तू वाचतीस म्हनं."

"व्हय. सावकाश वाचते."

"मंग सावकाश वाच. मला घाई न्हाई. त्या सहा घरांसाठी हापसा पाह्यजे, असा अर्ज करायचा हाय. दुसऱ्याकडंबी गेले असते. पर आमचं सगळं तुमाला ठाऊक हाय, पुन्ना पहिल्यापासून सांगायला जिवावर येतं."

ती बसली. या वेळी मशीनच्या अलीकडं, कागद दिसेल अशी. पुंजाजीनं दोन कागद आणि कार्बन घातला. तिनं सहाही घरांतल्या माणसांची नावं सांगितली, कोणाकडं म्हातारं माणूस आहे, कोणाची सून बाळंतीण आहे ते सांगितलं. तो टाइप करत गेला. मध्येच चतुराबाई म्हणाली, "थांबा. 'हापसा'तला शेवटचा काना उमटला न्हाई." त्यानं मोजून गाडी मागं नेली आणि काना मारला.

अर्ज पुरा झाला. चतुराबाईनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अर्धा तास लागला. मागं दोन माणसं खोळंबली होती, त्यातलं एक कुरकुरत निघून गेलं. नर्मदाबाई प्रत्येक नावाला मान डोलावत होती. संपल्यावर तिनं घडी घालू दिली नाही. अंगठा उमटवला आणि उघडा कागद दोन्ही हातांत धरून वाळवत उभी राहिली.

"येते," ती म्हणाली. ते दोघांपैकी कोणाला म्हणाली, ते पुंजाजीला कळलं नाही. तिची पावलं कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत त्याला ऐकू आली. मग त्यानं स्थळप्रत चतुराबाईकडं दिली. तिनं ती गठ्ठ्यावर ठेवली आणि खोळंबलेल्या माणसाला समोर बसायला सांगितलं.